‘फुल बॉडी चेकअप’ पॅकेज: तिशी-चाळिशीतल्या स्ट्रोकचा धोका त्यात कळतो का?

घरी येऊन रक्त नेणाऱ्या लॅबच्या जाहिरातीत सगळ्यात मोठ्या अक्षरात एक आकडा असतो. ‘८५ तपासण्या’, कुठे ७२, कुठे ९१. हा आकडा कसा फुगतो ते आधी बघू. सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची मोजणी, ही एक छोटी नळी आणि मशीनची एक फेरी, पण रिपोर्टवर तिच्या वीस-बावीस ओळी होतात आणि प्रत्येक ओळ ‘एक तपासणी’ म्हणून मोजली जाते. लिव्हरच्या दहा-अकरा. लिपिडच्या आठ-नऊ, त्यातल्या निम्म्या मोजलेल्या नसतातच, बेरीज-वजाबाकी-भागाकारातून काढलेल्या असतात. थायरॉइडच्या तीन, लोहाच्या तीन-चार, किडनीच्या पाच-सहा. एचबीएवनसी एक, आणि त्याच आकड्याला सूत्र लावून काढलेली ‘तीन महिन्यांची सरासरी साखर’ दुसरी. लघवीचा रंग, वास, गढूळपणा धरला की ८५ आलेच.

आकडा फुगवलेला आहे म्हणून पॅकेज वाईट ठरत नाही. दीड-दोन हजारांत एवढं सुटं सुटं करायला गेलं तर दुपटीहून जास्त पैसे जातील. प्रश्न वेगळा आहे. हे पॅकेज घेणारा गिऱ्हाईक बहुतेकदा तीस ते पंचेचाळीस वयाचा असतो आणि त्याच्या मनात एक ठरावीक भीती असते. ऑफिसात, सोसायटीत कुणाला तरी अडतिसाव्या वर्षी पॅरालिसिसचा झटका आला, तोंड वाकडं झालं, हात गेला, की पुढच्या आठवड्यात ओळखीतले चार जण पॅकेज बुक करतात. दुसरी लाट मार्चमध्ये येते, कारण आयकराच्या जुन्या पद्धतीत आरोग्य तपासणीचे ५००० रुपयांपर्यंत दाखवता येतात. म्हणून हा रिव्ह्यू एकाच कसोटीवर आहे: तरुण माणसाला स्ट्रोक ज्या कारणांनी येतो, त्यातली किती या रिपोर्टमध्ये दिसतात? या कसोटीवर घरपोच पॅकेजला पाचात दोन. ते दोन कशाला दिले आणि तीन कुठे कापले, ते पुढे.

एक गोष्ट आधी स्पष्ट करायला हवी. स्ट्रोक हा एकच आजार नव्हे. मेंदूकडे जाणारी रक्तवाहिनी गुठळीने बंद होते हा एक प्रकार, वाहिनी फुटून रक्तस्राव होतो हा दुसरा, आणि मेंदूतून रक्त परत नेणाऱ्या शिरेत गुठळी होते हा तिसरा. हा तिसरा म्हातारपणी क्वचित आणि तरुण बायकांत जास्त दिसतो. जगभरातल्या एकूण स्ट्रोकपैकी साधारण १० ते १५ टक्के पन्नाशीच्या आतल्यांना येतात. साठीनंतरची कारणं ठरलेली: बीपी, साखर, कडक झालेल्या धमन्या, हृदयाचे अनियमित ठोके. तरुणांत तीच कारणं असतातच, पण शिवाय एक लांबलचक फुटकळ यादी असते. त्या यादीतली बरीच कारणं रक्तात दिसत नाहीत, आणि इथेच रक्ताच्या पॅकेजची पंचाईत होते.

आधी जमेची बाजू. एलडीएल (‘वाईट’ कोलेस्टेरॉल), एचबीएवनसी, क्रिएटिनिन, हिमोग्लोबिन, प्लेटलेट, बी-१२ आणि लघवीतलं प्रोटीन, एवढ्या सात गोष्टी कामाच्या आहेत. बाकीच्या ओळी या प्रश्नापुरत्या भरती.

एलडीएल वाचताना तो मोजलेला आहे की काढलेला, ते बघा. बहुतेक स्वस्त पॅकेजांत एकूण कोलेस्टेरॉलमधून एचडीएल आणि ट्रायग्लिसराइडचा पाचवा भाग वजा करून एलडीएल काढतात. ट्रायग्लिसराइड ४०० च्या वर गेलं की हे गणित कोलमडतं. रात्री लग्नाचं जेवण आणि सकाळी सातला रक्त, असं केलं की नेमकं हेच होतं. एलडीएल १९० च्या वर आणि वय तिशीतलं असेल तर तो ‘थोडं तेल-तूप कमी करा’चा विषय राहत नाही. तो घराण्यातून आलेला दोष असू शकतो आणि भावंडांचंही तपासायला लागतं.

साखरेत उपाशीपोटीच्या आकड्यापेक्षा एचबीएवनसीवर भर द्या. कारण वाहतुकीचं आहे. साध्या नळीत रक्त तसंच पडून राहिलं तर रक्तपेशी त्यातली साखर खात राहतात आणि आकडा तासाला ५ ते ७ टक्क्यांनी उतरतो. सकाळी साडेसहाला पहिलं घर घेतलेला टेक्निशियन अकराला लॅबमध्ये पोचतो, मधल्या वेळात पिशवी स्कूटरच्या डिकीत असते. साखरेची नळी राखाडी झाकणाची असायला हवी. टेक्निशियनने ती काढलीच नाही तर तिथेच विचारा. एचबीएवनसीची नळी जांभळ्या झाकणाची, तिला हा त्रास नाही. तिची अडचण वेगळी: अंगात लोह कमी असेल तर एचबीएवनसी खऱ्यापेक्षा थोडं जास्त येतं. हिमोग्लोबिन साडेनऊ आणि एचबीएवनसी ६.० अशा बाईला लगेच ‘प्री-डायबेटिक’ म्हणून घाबरवण्याआधी रक्तक्षय भरून काढून पुन्हा तपासणं बरं.

सीबीसीमध्ये लोक हिमोग्लोबिन कमी आहे का एवढंच बघतात. स्ट्रोकच्या दृष्टीने जास्त असणंही तेवढंच महत्त्वाचं. पुरुषात १६.५ च्या वर, बाईत १६ च्या वर पुन्हा पुन्हा येत असेल तर रक्त दाट होण्याचं कारण शोधायला हवं. कधी ते बिडी-सिगारेट असतं, कधी घोरणं, कधी जिममध्ये कुणीतरी दिलेली स्टेरॉइडची इंजेक्शनं, आणि कधी अस्थिमज्जेचा आजार. रिपोर्टवर ही ओळ ठळक अक्षरात येते, पण खाली ‘डॉक्टरांचा सल्ला घ्या’ याच्यापुढे काही नसतं. प्लेटलेट साडेचार लाखांच्या वर आणि सोबत लोह खूप कमी, ही जोडी शिरेतल्या गुठळीच्या रुग्णांत दिसते. उलट प्लेटलेट सतत थोड्या कमी आणि दोन-तीन गर्भपात झालेले असतील तर अँटिफॉस्फोलिपिड नावाचा दोष तपासावा लागतो. त्यात रक्त नको तिथे गोठतं. पॅकेजमध्ये पहिलं असतं, दुसरं विचारणारं कुणी नसतं. विदर्भ आणि नंदुरबारकडच्या कुटुंबांसाठी आणखी एक: सिकलसेल या सीबीसीत हमखास सापडेल असं नाही, त्यासाठी सोल्युबिलिटी टेस्ट आणि एचपीएलसी वेगळी करावी लागते.

बी-१२ हा आपल्याकडचा खास विषय. पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने पुणे आणि आसपासच्या पुरुषांत बी-१२ ची कमतरता आणि त्यामुळे वाढलेलं होमोसिस्टीन (रक्तातलं एक अमिनो आम्ल) किती सर्रास आहे, ते वीसेक वर्षांपूर्वीच दाखवलं होतं. होमोसिस्टीन वाढलं की गुठळीचा धोका वाढतो, म्हणून महाग पॅकेजांत ही तपासणी ‘हृदय आणि मेंदूसाठी’ असं लिहून घातलेली असते. पण घरपोच पॅकेजात तिच्यावर पैसे घालवू नका. रक्त काढल्यावर रक्तपेशी होमोसिस्टीन बाहेर टाकत राहतात. नळी बर्फात ठेवली नाही किंवा तासाभरात द्रव वेगळा केला नाही, तर आकडा तासाला साधारण १० टक्क्यांनी चढतो. डिकीतून चार तास फिरलेल्या नळीतलं २२ हे खरं २२ आहे की पंधराच आहे, कुणी सांगू शकत नाही. बी-१२ कमी आलं तर ते भरून काढायचंच आहे, होमोसिस्टीन कितीही असो. तपासायचंच असेल तर लॅबमध्ये जाऊन रक्त द्या.

एक तपासणी मात्र पॅकेजमध्ये असायला हवी आणि बहुतेक वेळा नसते: लायपोप्रोटीन-ए, रक्तातून कोलेस्टेरॉल वाहणारा एक कण. हा आकडा जन्मजात ठरलेला असतो, पथ्याने-व्यायामाने फारसा हलत नाही, म्हणून आयुष्यात एकदा केला की पुरे. डेसिलिटरला ५० मिलिग्रॅमच्या वर असेल तर बाकीच्या सगळ्या धोक्यांकडे जास्त कडकपणे बघायचं. घरात कुणाला पन्नाशीच्या आत हार्ट अटॅक किंवा स्ट्रोक आला असेल त्याने तर हा करावाच.

इथे ते दोन गुण संपले.

आता कापलेले तीन. त्यातला दीड गुण एकट्या बीपीचा. ८५ तपासण्यांच्या घरपोच पॅकेजात रक्तदाब नसतो. ३२ देशांत झालेल्या इंटरस्ट्रोक अभ्यासाने दहा कारणांकडे मिळून सुमारे नव्वद टक्के स्ट्रोकचा वाटा दाखवला, आणि त्या दहांत सगळ्यात वरचं नाव उच्च रक्तदाबाचं होतं. तरुणपणी मेंदूत रक्तस्राव होऊन आलेल्या रुग्णाच्या फाइलीत बहुतेकदा एक वाक्य सापडतं: बीपी कधी तपासलंच नव्हतं, किंवा तपासलं होतं, ‘टेन्शनमुळे असेल’ म्हणून सोडून दिलं. टेक्निशियन तुमच्या दंडाला पट्टा बांधतो तो शीर फुगवायला. मोजायचा पट्टा त्याच्या पिशवीत नसतो.

म्हणून पहिली शिफारस पॅकेजच्या बाहेरची: दीड ते अडीच हजारांचं दंडावरचं डिजिटल मशीन घ्या. मनगटावरचं नको. हात हृदयाच्या वर-खाली झाला की त्याचा आकडा बदलतो. खरेदी करताना मशीनपेक्षा पट्ट्याच्या मापाकडे लक्ष द्या. कोपर आणि खांदा यांच्या मधोमध दंडाचा घेर टेपने मोजा. खोक्यातला नेहमीचा पट्टा २२ ते ३२ सेंटिमीटरपर्यंतचा असतो. दंड ३४ चा असेल आणि हाच पट्टा आवळून बांधला, तर बीपी खोटंच जास्त येतं, आणि अंगाने भरलेल्या माणसाला नको ती गोळी सुरू होते. मोठा पट्टा वेगळा विकत मिळतो.

मोजायची रीत दुकानदार सांगत नाही. चहा, सिगारेट, जिना, यानंतर अर्धा तास थांबा. आधी लघवीला जाऊन या, कारण भरलेल्या मूत्राशयाने वरचा आकडा दहाने वाढू शकतो. पाठ टेकून खुर्चीत पाच मिनिटं गप्प बसा, पाय जमिनीवर, मांडीवर मांडी नको. हात टेबलावर, पट्टा उघड्या दंडावर, शर्टाची बाही गुंडाळून तिचा करकोचा होऊ देऊ नका. मोजताना बोलायचं नाही, फोनही नाही. मिनिटाच्या अंतराने दोनदा, सकाळी आणि रात्री, असं सात दिवस. पहिल्या दिवसाचे आकडे सोडून बाकीच्यांची सरासरी काढा. घरी मोजलेली सरासरी १३५/८५ च्या वर गेली तर ते बीपी आहे, मग दवाखान्यात एकदा १२४ आलं होतं की १५० यावरून वाद घालू नका.

पहिल्या दिवशी दोन्ही दंडांवर मोजा. १०-१५ पेक्षा जास्त फरक पुन्हा पुन्हा येत असेल, एका मनगटाची नाडी क्षीण लागत असेल, तर तरुण बायकांत टाकायासू नावाचा मोठ्या धमन्यांचा दाह असू शकतो. आपल्याकडे तो अगदीच विरळा नाही, आणि त्याचं पहिलं दर्शन कधीकधी स्ट्रोकनेच होतं. चाळिशीच्या आत बीपी सापडलं तर ‘घराण्यात आहे’ एवढ्यावर थांबायचं नसतं. किडनी, किडनीकडे जाणारी धमनी, अ‍ॅड्रिनल ग्रंथी आणि झोपेत थांबणारा श्वास, या चार जागा बघायच्या. यात पॅकेजचा थोडा उपयोग आहे. लघवीत प्रोटीन आणि रक्तात क्रिएटिनिन वाढलेलं, तर किडनी. पोटॅशियम कमी, तर अ‍ॅड्रिनलचा संशय. मात्र पोटॅशियमचंही डिकीतल्या साखरेसारखंच: रक्तपेशी फुटल्या की आकडा खोटा वर जातो, म्हणजे खरोखर कमी असलेलं ‘नॉर्मल’ दिसतं.

उरलेला दीड गुण गेला न विचारलेल्या प्रश्नांचा. बुकिंगच्या अ‍ॅपवर नाव, वय, पत्ता, उपाशी आहात का, एवढंच. तरुण माणसाच्या स्ट्रोकची निम्मी कारणं बोलण्यातून बाहेर येतात, आणि ती इथे कुणाला सांगायची सोयच नाही.

तंबाखू घ्या. ‘सिगारेट ओढता का?’ याला लाखो लोक खरंखुरं ‘नाही’ म्हणतात आणि खिशात चुन्याची डबी असते. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, मावा-खर्रा पानटपरीवर मळून मिळतो. घरातल्या बाईला तर हा प्रश्न कुणी विचारतच नाही, ती रोज सकाळी मिश्री लावते. मिश्री म्हणजे भाजलेला तंबाखूच. प्रश्न असा हवा: ‘तोंडात काही ठेवता का, दाताला काय लावता?’ निकोटीनने बीपी आणि नाडी चढते, मग ते धुरातून आलं काय नि हिरडीतून आलं काय.

पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या हा दुसरा विषय, आणि यावर जितकं लिहावं तितकं कमी. गौरी-गणपती, सत्यनारायण, लग्न, अष्टविनायक, निमित्त कुठलंही. पाच मिलिग्रॅमची नॉरएथिस्टेरॉनची गोळी दिवसातून तीनदा, केमिस्टकडून चिठ्ठीशिवाय. ‘यात इस्ट्रोजन नाही, म्हणून सुरक्षित’ असा समज डॉक्टरांतही आहे. पण या मात्रेत नॉरएथिस्टेरॉनचा काही भाग शरीरात इस्ट्रोजनमध्ये बदलतो, साधारण कमी ताकदीच्या गर्भनिरोधक गोळीइतका. बहुतेकींना काही होत नाही. पण त्या दिवसांत निर्जळी उपास, उन्हातला प्रवास, अंगात आधीच रक्तक्षय, असं जुळून आलं तर मेंदूच्या शिरेत गुठळी होऊ शकते. त्याची सुरुवात झटक्यासारखी नसते. डोकं दिवसेंदिवस जास्त दुखतं, आडवं पडल्यावर वाढतं, उलट्या होतात, दिसायला अंधुक होतं, मग एकदम फिट येते. घरचे ‘उपासाचं पित्त’ म्हणतात. साधा सीटी स्कॅन यात नॉर्मल येऊ शकतो, शिरांचा वेगळा स्कॅन सांगावा लागतो. म्हणून गोळी घेतलीय हे न विचारताही सांगा. बाळंतपणानंतरच्या सहा आठवड्यांतही हाच धोका, आणि बाळंतिणीला पाणी कमी द्यायची पद्धत तो वाढवते.

याला जोडून अर्धशिशी. डोकं दुखायच्या आधी पाच ते साठ मिनिटं डोळ्यांसमोर नागमोडी चमकत्या रेषा, मधेच आंधळा ठिपका, हाताला हळूहळू चढत जाणाऱ्या मुंग्या, याला ऑरा म्हणतात. ऑरा असलेल्या अर्धशिशीत स्ट्रोकचा धोका साधारण दुप्पट. मुळात तो या वयात फार कमी, म्हणून दुप्पट म्हणजेही थोडाच. पण ऑरा, सिगारेट आणि इस्ट्रोजनची गर्भनिरोधक गोळी एकत्र आल्या की हिशेब बदलतो. ऑरा असलेल्या बाईला इस्ट्रोजनची गोळी देऊ नये, असं जागतिक आरोग्य संघटनेचे निकष सांगतात. वर्षानुवर्षं ‘पित्ताची डोकेदुखी’ म्हणून कोकम सरबत पिणाऱ्या किती जणींना आपल्याला ऑरा आहे हे माहीत असेल?

मान. सलूनमध्ये दाढीनंतर तेलमालीश, मग हनुवटी आणि डोकं धरून दोन्हीकडे एकेक झटका, कट्ट. मानेच्या मणक्यांतून मेंदूकडे जाणारी धमनी पहिल्या-दुसऱ्या मणक्याशी वळण घेते. जोराच्या पिळाने तिच्या आतल्या अस्तराला चीर पडू शकते. चिरेत रक्त शिरतं, गुठळी धरते, आणि ती तासाभराने, दोन दिवसांनी, कधी आठवड्याने वर सरकते. मधल्या काळात एका बाजूची कधी न दुखलेली अशी मान दुखत असते, कधी त्या बाजूची पापणी किंचित खाली येते. पन्नाशीच्या आतल्या स्ट्रोकमध्ये धमनीला पडलेली चीर हे पहिल्या काही कारणांपैकी एक आहे, आणि ती जगातल्या कुठल्याही रक्ततपासणीत दिसत नाही. मालीश करून घ्या. ‘कट्ट’ मात्र नको म्हणा.

घोरणं, दिवसा गाडी चालवताना येणारी डुलकी, दारूचं प्रमाण, जिममधली इंजेक्शनं, गांजा, घरात कुणाला लहान वयात झटका: हे प्रश्न दहा मिनिटांचे आहेत. फॅमिली डॉक्टर ते दीडशे-दोनशे-तीनशे रुपयांत विचारतो. विचारत नसेल तर आपणच सांगावं.

हॉस्पिटलचं ‘एक्झिक्युटिव्ह’ पॅकेज यापेक्षा वेगळं आहे का? किंमत सहा-सात हजारांपासून पुढे. त्यात बीपी असतं, ईसीजी असतो, शेवटी एक डॉक्टर दहा मिनिटं भेटतो. या तिन्ही गोष्टींसाठी त्याला पाचात तीन. पण बीपी घेतात ते गर्दीत, सॅम्पल देऊन आल्या आल्या, नर्स उभी, तुम्ही तिच्याशी बोलताय. ईसीजी म्हणजे ठोक्यांचा दहा सेकंदांचा फोटो. येऊन-जाऊन असणारी अनियमितता त्यात सापडायची शक्यता कमी. टीएमटी, म्हणजे ट्रेडमिलवर चालवून काढलेला ईसीजी, हृदयाच्या धमन्यांसाठी आहे, स्ट्रोकबद्दल ती काही सांगत नाही. सीईए, सीए-१२५ सारखे कॅन्सरची खूण शोधणारे ट्यूमर मार्कर तर निरोगी माणसाला नुसती झोप उडवायला आहेत.

टूडी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, मात्र आपल्याकडे एका कारणासाठी किमती आहे. लहानपणी सांधेदुखीचा ताप येऊन गेलेला असतो, घरी कुणाच्या लक्षात नसतो, आणि हृदयाची मायट्रल झडप हळूहळू अरुंद होत जाते. डावा कप्पा फुगतो, ठोके विस्कळित होतात, कप्प्यात गुठळी बनते आणि मेंदूत जाते. पस्तिशीतली बाई, जिना चढताना धाप, गरोदरपणात ती वाढलेली, ही जुनी ओळखीची कहाणी आहे. स्टेथोस्कोप नीट लावला तर ही झडप ऐकू येते. सगळ्यांना इको करायची गरज नाही, पण धाप किंवा धडधड असेल तर टीएमटीचे पैसे वाचवून इको करा. साध्या इकोत हृदयाच्या पडद्यातलं जन्मजात छिद्र, पीएफओ, बहुतेकदा दिसत नाही, आणि ते शोधत बसूही नका. चारांतल्या एकाला ते असतं आणि बहुतेकांना कधी त्रास देत नाही. त्याचा प्रश्न स्ट्रोक येऊन गेल्यावर आणि दुसरं कारण सापडलं नाही तर येतो.

सोनोग्राफीत एक ओळ शोधा: दोन्ही किडन्यांत भरपूर गाठी. पॉलिसिस्टिक किडनीच्या घराण्यात मेंदूच्या धमनीला फुगा असण्याचं प्रमाण जास्त असतं, आणि तो फुटला की थेट रक्तस्राव. घरात कुणी ‘डोक्यात रक्तस्राव होऊन’ लहान वयात गेलं असेल तर मेंदूच्या धमन्यांचा एमआरआय करावा की नाही, हे न्यूरॉलॉजिस्टला विचारा. मानेच्या धमन्यांचा डॉपलर ‘अ‍ॅड-ऑन’ म्हणून गळ्यात मारतात. लक्षण नसलेल्यांत तो सरसकट करू नये, अशी अमेरिकेच्या प्रतिबंधक सेवा कार्यदलाची स्पष्ट शिफारस आहे. ‘ब्रेन स्क्रीनिंग एमआरआय’ही तसाच. निरोगी माणसात एखादा पांढरा ठिपका निघतो आणि पुढचं वर्षभर त्या ठिपक्याचीच चिंता.

दोन-अडीच हजारच खर्चायचे असतील तर पॅकेजऐवजी अशी खरेदी करा: बीपीचं मशीन एकदाच, घरातल्या सगळ्यांना पुरतं. पहिल्या वर्षी बहुतेक पैसे त्यातच जातील, चालेल. लिपिड, एचबीएवनसी, सीबीसी, क्रिएटिनिन, लघवी आणि बी-१२ सुटं केलं तरी गल्लीतल्या लॅबमध्ये हजार-पंधराशेच्या आसपास होतं, आणि रक्त तिथेच तासाभरात मशीनवर चढतं. सगळं नॉर्मल आलं तर लिपिड-साखर दोन-तीन वर्षांनी, बीपी मात्र दर दोन-तीन महिन्यांनी आठवडाभर. ऑफिसचं पॅकेज फुकट मिळत असेल तर अर्थात घ्या, वरच्या सात ओळींभोवती पेनाने गोल करा आणि बाकीच्या ‘एच’, ‘एल’ बाणांवर गूगल करत रात्र घालवू नका.

पॅकेजच्या हिरव्या रिपोर्टचा सगळ्यात मोठा दोष छापलेला नसतो. ‘सगळं नॉर्मल’ वाचलेला माणूस महिन्याभराने एका सकाळी शब्द गिळायला लागतो, चहाचा कप हातातून सुटतो, चालताना भिंतीकडे ओढला जातो, आणि घरचे म्हणतात, ‘आत्ताच तर चेकअप केलं, बीपीबिपी काही नाही, झोप झाली नसेल.’ तरुण वयात चक्कर-तोल जाणं ‘कानाचं’, बोबडं बोलणं ‘दारूचं’ आणि हाताच्या मुंग्या ‘मान आखडल्याच्या’ ठरवल्या जातात, कधी कॅज्युअल्टीतही. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, आणि ते तास लक्षण सुरू झाल्यापासून मोजतात, हॉस्पिटलच्या दारापासून नव्हे. म्हणून माणूस शेवटचा ठीक कधी होता ती वेळ कागदावर लिहा. झोपेतून उठतानाच लक्षण असेल तर रात्री कधी नीट बोलला ती वेळ. १०८ ला फोन करा आणि सीटी स्कॅन चोवीस तास चालू असलेल्या हॉस्पिटलातच न्या. आधी घराजवळच्या दवाखान्यात सलाइन लावून घेण्यात तास जातो. तोंडाने पाणी देऊ नका, गिळता येत नसेल तर ते छातीत जातं. अ‍ॅस्पिरिन नको, कारण आत गुठळी आहे की रक्तस्राव हे सीटी केल्याशिवाय कळत नाही. आणि मशीनवर १८० दिसलं म्हणून जिभेखाली बीपीची गोळी ठेवू नका. एकदम पाडलेलं बीपी गुठळीच्या पलीकडचा उरलासुरला रक्तपुरवठाही तोडतं.